एलियाहू हन्नाबींची निराशा आणि आपली

माणसाला ताप आला तर आपण विचारतो, "डॉक्टरांना दाखवलेत का?" पाय मोडला तर चार माणसे त्याला उचलून नेतात. परंतु तोच माणूस कित्येक आठवडे धड झोपत नाही, ताटावरून अर्धपोटी उठतो, नातवंडे आली तरी खोलीतून बाहेर येत नाही, तेव्हा आपण काय म्हणतो? "तुम्हाला काय कमी आहे? मुले मार्गी लागली, घर झाले, पेन्शन येते. परमेश्वरावर हवाला ठेवा आणि हे सोडून द्या." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण ऐकणाऱ्याला त्यातून एक आरोप ऐकू येतो, तो असा की, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून तुमची ही दशा झाली. हा आरोप खरा आहे काय? आपल्या समाजातील पुष्कळ घरांत तो रोज केला जातो, म्हणून त्याचा शांतपणे विचार होणे जरूर आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. दुःख आणि खिन्नतेचा विकार ही एकच बाब नव्हे. घरातले माणूस गेले म्हणजे मन रडते, आणि आपल्या धर्माने त्या रडण्याला सात दिवस, तीस दिवस आणि आईवडिलांसाठी वर्ष अशा पायऱ्या घालून दिल्या आहेत. दुःखी माणूस मधूनच हसतो, आठवण काढून बोलतो, हळूहळू कामाला लागतो. विकार जडला म्हणजे तसे होत नाही. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ दिवसभर, मन उदास राहते. आवडीच्या गोष्टींत गोडी वाटत नाही. झोप आणि भूक बिघडते. आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असे वाटू लागते. चिंतेचेही तसेच. मुलगा लष्करात असला की आईचा जीव टांगणीला लागणारच. परंतु मुलगा घरी येऊन निजला तरी छाती धडधडते, हात कापतात, दाराची घंटा वाजली की दरदरून घाम फुटतो, आणि हे महिनोन् महिने चालते, तेव्हा तिला नुसता दिलासा पुरत नाही, उपचार लागतो.

आता विश्वासाच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या बेने इस्राएल समाजात एलियाहू हन्नाबींवर जेवढी श्रद्धा आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कुणावर असेल. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत असे आपले वाडवडील सांगत आले. नवस फेडताना, लग्नकार्यात, नवीन घरात जाताना आपण त्यांच्या नावाने मलिदा करतो. तू बिश्वातला त्यांचा उरूस आपण भारतातून येताना बरोबर आणला. याच एलियाहूंनी एकदा परमेश्वराजवळ मरण मागितले होते, हे मात्र आपण मलिद्याच्या ताटापाशी बसून फारसे आठवत नाही.

पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात ही हकीकत आहे. कार्मेल डोंगरावर त्यांनी बआलच्या शेकडो पुजाऱ्यांना एकट्याने आव्हान दिले, आणि आकाशातून अग्नी उतरला. एवढा मोठा विजय मिळाल्यावर इझेबेल राणीची एक धमकी आली आणि त्यांचा धीर सुटला. ते बेर शेव्याला आले, सेवकाला तेथेच ठेवले, आणि एकटेच एका दिवसाची वाट चालून वाळवंटात शिरले. तेथे एका रोथेमच्या झुडपाखाली बसून, आता पुरे झाले, माझा जीव घे, अशी त्यांनी प्रार्थना केली. आपली कितीतरी कुटुंबे आज बेर शेव्याला आणि दिमोनाला राहतात. त्यांना हे झुडूप ठाऊक आहे. दिमोनाजवळच्या एका सपाट प्रदेशाला त्याचेच नाव आहे. त्याची सावली किती विरळ असते हेही त्यांना सांगायला नको.

ज्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, त्याचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? निराशा विश्वासू माणसालाही गाठते, यशानंतरही गाठते, हे शास्त्रानेच लपवून ठेवलेले नाही. मग आपण ते शेजाऱ्यापासून का लपवावे?

त्याहून महत्त्वाचे आहे ते पुढचे. परमेश्वराने त्यांना कसे वागवले? देवदूत आला, त्याने उपदेश केला नाही. त्याने स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. एलियाहूंनी खाल्ले आणि ते पुन्हा निजले. देवदूताने त्यांना निजू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला सांगितले, कारण पुढची वाट त्यांच्या शक्तीबाहेरची होती. आधी अन्न, पाणी आणि झोप, बोलणे नंतर. होरेबच्या गुहेत परमेश्वराने विचारले, तू येथे काय करतोस? एलियाहूंनी आपले गाऱ्हाणे सांगितले. पुन्हा तोच प्रश्न आला, पुन्हा तेच गाऱ्हाणे त्याच शब्दांत झाले, आणि तेही ऐकून घेतले गेले. मी एकटाच उरलो, असे ते म्हणत होते. खिन्न माणसाला हेच वाटत असते. त्यावर त्यांना कळले की सात हजार अजून उरले आहेत. आणि शेवटी त्यांना काम मिळाले, तसाच एलिशा हा सोबती मिळाला. सेवकाला मागे ठेवून एकटे निघालेले एलियाहू अध्यायाच्या अखेरीस एकटे राहिलेले नाहीत.

हे केवळ संदेष्ट्यांच्या काळाचे झाले असे कुणी म्हणेल. तर राम्बामचे उदाहरण घ्या. त्यांचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला. त्या धक्क्याने राम्बाम सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले, आणि कित्येक वर्षांनी लिहिलेल्या पत्रातही ते शोक ओसरला नाही असे सांगतात. पुढे सुलतान सलाउद्दीनचा मुलगा अल-अफदल याला खिन्नतेचा विकार झाला, तेव्हा वैद्य या नात्याने राम्बामनीच त्याच्यासाठी आरोग्यावर ग्रंथ लिहिला, आणि मनातील भावनांचा शरीरावर कसा परिणाम होतो हे त्यात सांगितले. एवढ्या मोठ्या पंडिताने या विकाराला वैद्याचा विषय मानले. आपण त्याला लाजेचा विषय करून ठेवले आहे.

तलमूदमध्ये रब्बी योहानानची गोष्ट आहे. ते आजाऱ्यांचा हात धरून त्यांना उठवीत असत. पण स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांना उठवायला रब्बी हनीना यावे लागले. त्यांनी स्वतःला का उठवले नाही, या प्रश्नाचे उत्तर तेथे असे दिले आहे की, कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही. "मन घट्ट करा" असे सांगणाऱ्यांनी हे उत्तर ध्यानात ठेवावे. मनाची काळजी उतरवण्यासाठी ती दुसऱ्याजवळ बोलावी, असाही एक अभिप्राय तलमूदमध्ये आहे.

मग आपल्याकडे हे बोलले का जात नाही? पहिले कारण लोकलाज. मुलीची सोयरीक मोडेल, मुलाच्या नावाला बट्टा लागेल, ही भीती. दुसरे कारण आपल्या इतिहासात आहे. या देशात आल्यावर आपल्या ज्यूपणाविषयीच शंका घेतल्या गेल्या, आणि १९६४ साली केनेसेटने ठराव करीपर्यंत आपल्या लोकांना झगडावे लागले. ज्या पिढीला प्रत्येक बाबतीत आपण कमी नाही हे सिद्ध करावे लागले, तिला अशक्तपणा दाखवणे जड जाते. तिसरे कारण भाषेचे. "जीव लागत नाही", "हुरहूर वाटते", "मनाला घोर लागला" हे आपली आजी हिब्रूत कसे सांगणार? म्हणून ती डॉक्टरांना कंबर दुखते म्हणते आणि कंबरेचे औषध घेऊन घरी येते. बरोबर दुभाषी म्हणून मुलगा किंवा नातू गेला असेल तर त्याच्यादेखत ती मनातले बोलतच नाही. अशा वेळी मराठी जाणणाऱ्या एखाद्या समवयस्क बाईने सोबत जाणे हे मोठे पुण्य आहे.

ऑक्टोबर २०२३ नंतर तर अश्दोद, बेर शेव्यापासून लोदपर्यंत सायरनच्या आवाजाने अनेकांची झोप उडाली. काहींची परत आली, काहींची आली नाही. त्यांना भित्रे म्हणू नका.

उपाय आहेत. जुलै २०१५ पासून मानसिक आरोग्याची सेवा कुपत होलीमच्या कक्षेत आली आहे. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. थायरॉईडच्या बिघाडाने किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही मन खचते, ते रक्त तपासून कळते. औषध दिले तर गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात; चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, ते आपल्या मनाने बंद करू नये. बोलून उपचार करणारे तज्ज्ञही असतात. रांग लांब असते, म्हणून नाव लवकर नोंदवावे. रात्री-अपरात्री मन हलके करण्यासाठी १२०१ या क्रमांकावर एरान संस्थेची माणसे ऐकायला असतात. आणि कुणी मरणाची भाषा केली तर ती थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, सरळ विचारा, आणि धोका दिसला तर १०१ ला फोन करा. जीव वाचवण्यासाठी शाब्बाथही मोडता येतो, मग फोनला आडकाठी कसली?

कोणी म्हणेल, मग प्रार्थनेचे काय? प्रार्थना जरूर करावी, नवसही बोलावा. एलियाहूंनीही प्रार्थनाच केली होती, आणि तिचे उत्तर भाकरीच्या व पाण्याच्या रूपाने आले. आपल्यासाठी ते डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या रूपाने आले तर त्यात परमेश्वराचा हात नाही असे का समजावे?

आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्याने त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा कमी होतो, असे आपले ज्ञाते सांगून गेले. ज्याचे दुखणे मनाचे आहे, त्यालाही या मिस्वातून वगळू नये. पुढल्या वेळी घरी मलिदा कराल तेव्हा एक ताट झाकून शेजारच्या त्या बंद दाराशी घेऊन जा. उपदेश बरोबर नेऊ नका. चहा ठेवा, जवळ बसा, आणि तेच गाऱ्हाणे दुसऱ्यांदा सांगितले गेले तरी ऐकून घ्या. परमेश्वर सर्व आजाऱ्यांना, शरीराने आजारी असोत वा मनाने, पूर्ण आरोग्य देवो. आमेन.