नैवेद्याचा घेवडा

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की दत्तभक्तांच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या : जन्माचा सुंठवडा आणि नैवेद्याला घेवड्याची भाजी. घेवडाच का, ते गुरुचरित्राच्या 18व्या अध्यायामुळे वाचकांस ठाऊक आहेच. अमरापूरचा गरीब ब्राह्मण भिक्षा मिळाली नाही की दारच्या वेलाच्या शेंगांवर दिवस काढी. श्रीनृसिंहसरस्वती त्याच्याकडे तीच भाजी जेवले आणि जाताना वेलच उपटून गेले. बाई रडू लागली. पुढे ब्राह्मणाने मूळ खणलं, तर द्रव्याने भरलेला कुंभ निघाला.

आमच्या घरची भाजी अशी. कोवळ्या शेंगांच्या शिरा काढून त्या हातानेच मोडायच्या. हिंग-मोहरीची फोडणी, गोडा मसाला, गुळाचा खडा, वरून ओलं खोबरं. कांदा-लसूण अर्थातच नाही. नैवेद्य चाखायचा नसतो, त्यामुळे खरी परीक्षा मिठाची. तो अंदाज घरात एकट्या मोठ्या काकूला होता. मुळात भाजीची ही रीत तिनेच माहेरून आणलेली. पाहुणे मात्र ‘आजीच्या हातची’ म्हणून वाखाणत, आणि आम्ही ऐकून घेत असू.

काका गेले आणि काकूला सोवळ्यातल्या स्वयंपाकाची बंदी झाली. शेंगा निवडून दिलेल्या चालत, बरं का! ती उंबऱ्याशी बसायची. आतून आई विचारायची, “वहिनी, मीठ?” वाफेच्या वासावरून काकू सांगायची, “अर्धी चिमूट अजून.”

आजी दुष्ट नव्हती. तिला खरंच तसं वाटे, तिलाही कुणी तसंच शिकवलेलं. पण मी? मी तेव्हा कॉलेजात होतो, दरवर्षी पारायणाला बसत होतो. तो अध्याय वाचताना कुंभापाशी माझा आवाज चढायचा. वेल उपटल्याची ओवी मी कशी वाचत होतो, आठवत नाही. रूढीच होती, असं म्हणून आजीला सोडवता येतं. स्वतःला कसं सोडवू? कळत असून गप्प बसलेल्याचा दोष अधिक, असं मला आता वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या भाजी जपली म्हणून आम्ही मिरवतो, आणि जिची ती होती तिला उंबऱ्यावर बसवलं.

गेल्या जयंतीला मी उलथनं काकूपुढे धरलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

“आता रे कशाला? हात थरथरतो माझा,” म्हणाली आणि खोलीत जाऊन पडली.

भाजी मीच केली. मीठ कमी पडलं.