हरवलेल्या तासांचा हिशेब

कपाटात महागड्या कपड्यांचा ढीग बघून नवऱ्याने जाब विचारला. आपण ते आणलेच नाहीत, असं बायको सांगत राहिली. ती खोटं बोलत नव्हती, तरी कपडे तिनेच आणले होते; तिच्यातल्या दुसऱ्या रूपाने. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ऑगस्टा इथल्या थिगपेन आणि क्लेक्ली या मनोविकारतज्ज्ञांनी लिहिलेल्या हकिकतीतला हा प्रसंग. १९५७ मध्ये त्यावर ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’ हा चित्रपट आला, ईव्हच्या भूमिकेसाठी जोआन वुडवर्डला ऑस्कर मिळालं, आणि एका देहात अनेक माणसं ही कल्पना जगभर रुजली.

माझी तक्रार या कल्पनेबद्दलच आहे. प्रेक्षकाला रंगत वाटते ती चेहरे बदलण्यात. या आजारात रुग्णाचे हाल होतात ते आठवणीतून पुसल्या गेलेल्या मधल्या कोऱ्या तासांनी. बाजारातून आपण घरी कसे आलो, काल कुणाला काय शब्द दिला, समोरची अनोळखी व्यक्ती आपल्याला नावाने हाक का मारतेय? रोज अशी कोडी सोडवायची आणि वर ती लपवायचीही. कित्येकांचं हे बदलणं शेजाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. मुळाशी बहुतेक वेळा बालपणी पुन्हापुन्हा झालेले अत्याचार असतात. आजारावर थेट लागू पडणारं औषध नाही; दीर्घ मानसोपचार हाच मार्ग, आणि त्यातही आधी दिवस नीट पार पाडायला शिकवावं लागतं, जुन्या जखमा नंतर.

डॉक्टरच्या सूचनेनेच ही रूपं तयार होतात, असा संशय अमेरिकेत आहे, विशेषतः ‘सिबिल’ या पुस्तकामुळे गाजलेल्या रुग्णाच्या प्रकरणाबद्दल, आणि तो सगळाच फोल नाही. पण सूचनेने काही रूपं वाढली असतील, म्हणून कोरे तास खोटे ठरत नाहीत. आपल्याकडे अंगात येतं तेव्हाही माणूस बदललेला दिसतो, पण तेव्हा किमान गाव भोवती असतं. या आजाराच्या माणसाला बहुधा एकट्यानेच निभवावं लागतं. २०१३ च्या अमेरिकी निदान-नियमावलीने काही संस्कृतींतलं झपाटलं जाणंही या आजाराच्या व्याख्येत घेतलं. मात्र धर्माचारात बसणारं अंगात येणं आजार मानलेलं नाही, हे बरं केलं.

पडद्यावरची ईव्ह बरी झाली. खरी बाई, क्रिस कॉस्टनर साइझमोर, त्यानंतरही बरीच वर्षं झगडत होती, आणि तिच्या सांगण्यानुसार रूपं तीन नव्हे, वीसहून जास्त होती. १९७७ मध्ये तिने स्वतःच्या नावाने पुस्तक लिहिलं. पुढे तिच्या आयुष्यावर नवा चित्रपट निघायची वेळ आली, तर पहिला चित्रपट काढणाऱ्या स्टुडिओने तिच्या कथेवर हक्क सांगितला. १९८९ मध्ये ती कोर्टात गेली. प्रकरण तडजोडीत मिटलं. जुना करार करताना वकिलांनी तिच्याकडून तिन्ही रूपांच्या नावांनी वेगवेगळ्या सह्या घेतल्या होत्या, असं सांगतात. कपड्यांचा जाब मात्र तिला एकटीलाच द्यावा लागला.