अंधारातला कानसेन

रंगमंचावर फोन वाजतो. नट रिसीव्हर उचलतो आणि घंटी त्याच क्षणी थांबते. प्रेक्षकाला त्यात विशेष काही वाटत नाही. घरीही असेच होते. पण त्या वेळी प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला, अंधारात, एक माणूस नटाच्या हातावर डोळे रोखून बसलेला असतो. आधीच्या वाक्याला हशा आला आणि नट थबकला, की याचे बोटही थबकते. घंटी जराशी जास्त वाजली तरी सगळा प्रवेश फसतो. आवाज फोनमधूनच यावा म्हणून टेबलाआड छोटा स्पीकर दडवणाराही तोच.

सांगलीच्या विश्रामबागेत सकाळी फिरताना वालचंद आणि विलिंग्डन महाविद्यालयांतली नाटकवेडी मुले भेटतात. ज्याला त्याला नट व्हायचे असते. मी त्यांना ध्वनियोजनेच्या या कामाबद्दल आवर्जून सांगतो.

आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हा ना वीज होती, ना ध्वनिक्षेपक. सूत्रधार गायचा, साथीदार साथ द्यायचे आणि राक्षस अशा आरोळ्या ठोकत यायचे की पुढे लोक या नाटकांना ‘अललडुर्र’च म्हणू लागले. म्हणजे आवाजाने प्रसंग उभा करण्याची विद्या आपल्याकडे पहिल्यापासून आहे. नंतर कुणी पत्रा हलवून गडगडाट केला, कुणी करवंट्या आपटून घोडे दौडवले. मग स्पूल आली, कॅसेट आली, आता लॅपटॉप आहे.

तरी नाटक दौऱ्यावर निघाले, की खरी परीक्षा सुरू होते. प्रत्येक नाट्यगृह वेगळे घुमते. दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे बसवलेला पाऊस रात्री भरल्या गर्दीत दबका वाटतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. मग प्रयोग चालू असतानाच तो पाऊस वाक्यांच्या आड येणार नाही इतपत, अगदी सांभाळून, वर न्यायचा. हे कुठल्या वर्गात पुरते शिकवता येत नाही. गणेश मंडळाच्या वायरी ओढत, हौशी संस्थेत संगीत सांभाळत, प्रयोगामागून प्रयोग ऐकतच कान तयार होतो.

या कामाची उपेक्षा फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेतल्या टोनी पुरस्कारांत ध्वनियोजनेचा विभाग २००८ साली आला, २०१४ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला आणि नाट्यव्यावसायिकांनी विरोध केल्यावर २०१८ मध्ये परत आला. मला तो निर्णय अन्यायाचा वाटला होता, आजही वाटतो.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. एखाद्या वर्षी ते आयुष्यभर अंधारात बसून नाटक ऐकलेल्या अशा माणसाला मिळावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.