आजारी वाचक आणि आरोपीची गरज

आजारातून उठणाऱ्या माणसाने रहस्यकथा वाचावी, ही गोष्ट आपल्या वाङ्मयीन व्यवहारात इतकी गृहीत धरली गेली आहे की तिच्याकडे प्रश्न म्हणून पाहावे असे समीक्षेला सहसा वाटलेले नाही. व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२६ साली ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात आजाराला साहित्यात स्थान का नाही असे विचारले खरे. पण दीर्घ गद्याचा पल्ला आजाऱ्याला झेपत नाही असे मानून त्यांनी त्याच्या हाती कविता दिली. आपल्याकडे उशाशी येतात ते बाबूराव अर्नाळकर किंवा नारायण धारप. ‘करमणूक’ या एका शब्दाने हे वाचन निकालात काढले जाते. ते तितके निरुपद्रवी आहे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

उदाहरणादाखल जॉन डिक्सन कार यांची ‘द बर्निंग कोर्ट’ (१९३७) ही कादंबरी घेऊ. एका प्रकाशनसंस्थेतील संपादक रेल्वेने घरी परतताना जुन्या खून-खटल्यांवरील हस्तलिखित उघडतो, आणि १८६१ साली गिलोटिनवर गेलेल्या एका विष घालणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र त्याच्यापुढे येते. चेहरा त्याच्या पत्नीचा आहे. तिकडे शेजारच्या वाड्यातील वृद्ध धनिक दीर्घ आजारानंतर मरण पावलेला आहे. जुन्या काळच्या वेषातील एका स्त्रीने त्याच्या हाती पेला दिला आणि कधीच विटांनी बुजवलेल्या दारातून ती निघून गेली, असे पाहणारी सांगते. पुढे बंदिस्त तळघरातून प्रेतही नाहीसे होते. या सर्वांमागे सतराव्या शतकातील मार्कीझ द ब्रँव्हिलिए हिची सावली आहे. रुग्णालयातील गरीब रोग्यांवर ती विषाचे प्रयोग करीत असे, अशी आख्यायिका तिच्याभोवती रचली गेली. १६७६ मध्ये तिला पॅरिसमध्ये देहान्त शासन झाले.

म्हणजे या कथेच्या मुळाशीच रोगी, त्याच्या हातातला पेला आणि तो पेला देणारा हात आहे. निरोगी वाचकाला हा तपशील कथानकाची सोय वाटेल. अंथरुणातल्या वाचकाला तो तसा वाटणे कठीण आहे.

येथे अभिनवगुप्ताचे स्मरण अपरिहार्य आहे. रसविघ्नांची चर्चा करताना त्याने स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न मानले आहे. भयानकाचा आस्वाद साधारणीकरणावाचून संभवत नाही. भय हरणाचे राहू नये, दुष्यंताचे राहू नये, माझेही राहू नये. या कसोटीवर आजारी वाचक अपात्रच ठरतो. मी मात्र उलट म्हणेन. तो रसिक म्हणून अपात्र असेल. साक्षीदार म्हणून त्याच्याइतका पात्र वाचक दुसरा नाही. पेला कोणी दिला हे न विचारता तो पिण्याची अवस्था त्याने नुकतीच अनुभवलेली असते.

काही वर्षांपूर्वी विषमज्वराने मला पाच आठवडे अंथरुणावर ठेवले, त्यातल्या उत्तरार्धात मी ही कादंबरी वाचली. ताप उतरल्यावर जे उरते त्याला अशक्तपणा म्हणतात, पण ते केवळ शारीरिक नसते. पाणी कुठले, बर्फ कुठला, कोणत्या दुकानातला उसाचा रस, असा एक तपास मनात अखंड चालू असतो. आजाराला कारण असते, आरोपी नसतो, आणि मनाला कारणावर समाधान नसते. रहस्यकथा नेमकी ही उणीव भरून काढते. तिथे मृत्यू कोणीतरी घडवून आणलेला असतो, आणि त्या कोणाला तरी नाव असते. भयापेक्षाही हे नाव मिळण्यातच आजाऱ्याचे सुख आहे, असे मला वाटते.

कार हे नाव देतात. शुश्रूषेसाठी ठेवलेली नर्स आणि मृताचा पुतण्या यांनी संगनमताने हा खून केला, बुजवलेले दार ही नजरबंदी होती, असा बुद्धीला पटणारा उलगडा होतो. मग शेवटच्या मोजक्या पानांत संपादकाची पत्नी एकटी असताना तिच्या मनात आपल्याला डोकावू दिले जाते आणि सारा उलगडा खचतो. ती खरोखरच ती जुनी विषकन्या असावी. बहुतेक वाचक या कलाटणीवर खूश होतात, मीही झालो. परंतु भुताची बाजू स्वीकारली की दोषी ठरलेल्या नर्सचे काय होते? तिला निरपराध मानावे लागते, आणि तिच्या निरपराधित्वावर आपला थरार उभा राहतो. उलट बाजू स्वीकारली, तर आजाऱ्याने ज्या हातावर विसंबायचे तोच हात मारणारा ठरतो.

आपल्या भूमीवर हा पेच कागदी नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात घरातले माणूस आजारी पडले की गावातल्या एखाद्या बाईला डाकीण ठरवण्याची प्रथा आहे. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला त्यामागे अशा अघोरी प्रथा होत्या. तिथे अद्भुत स्पष्टीकरण बाईचा बळी घेते. कारांच्या कादंबरीत तेच स्पष्टीकरण एका बाईला निर्दोष ठरवते आणि बुद्धिनिष्ठ स्पष्टीकरण तिला दोषी धरते. स्पष्टीकरणाची जात बदलली तरी आरोपी म्हणून पुढे येते ती रोग्याच्या जवळ वावरणारी स्त्रीच. बुद्धिवादी म्हणवणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला ही बाब सुखावह नाही.

त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्भुताची व्याख्या ‘दोलायमानता’ या कल्पनेवर बेतली आणि त्या संदर्भात याच कादंबरीचा दाखला दिला. अभिनवगुप्ताच्या यादीत संशय हेही विघ्नच आहे. अर्थात त्याचा संशय वेगळा. अश्रू शोकाचे की आनंदाचे, अशा स्वरूपाचा. तोदोरोव यांना वर्ग निश्चित करायचा आहे, म्हणून दोन शक्यतांमधले वाचकाचे झुलणे त्यांना पुरते. वाचक झुलत असतो तेवढा काळ नर्स कुठे असते, हे त्यांच्या चौकटीत विचारता येत नाही. ती कोठडीत असते.