आधी परवाना, मग पाऊल

फैजपुरातल्या ललित आणि सागर या दोन मित्रांची ही गोष्ट. दोघांनी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स एकाच बाकावर बसून केला. दोघांच्या घरी दोन-अडीच एकर केळी, आणि मे महिन्याच्या वादळानं दोघांचीही बाग एकाच रात्री आडवी केली. निसवलेली केळी घडासकट जमिनीवर आली की शेतकऱ्याचं वर्ष तिथंच संपतं. सोसायटीचं कर्ज मात्र उभं राहतं. घरात कमावता हात हवा होता, आणि भुसावळच्या ठेकेदाराकडे मिळणाऱ्या पगारात व्याजही फिटत नव्हतं.

अशा दिवसांत ओळखीच्या ओळखीतून एका एजंटाचा फोन आला. मालदीवच्या एका रिसॉर्टवर इलेक्ट्रिशियन पाहिजेत, महिन्याला सहाशे डॉलर, राहणं-खाणं मालकाकडे, खर्च सव्वा लाख. भारतीय माणसाला मालदीवला पर्यटक म्हणून जायचं तर आधी व्हिसा काढावा लागत नाही, तो विमानतळावरच मिळतो. एजंटानं नेमका त्याचाच फायदा घेतला. "पर्यटक म्हणून उतरा, कामाचा परवाना मालक आठ दिवसांत तिथंच काढून देईल. आणि गावात वाच्यता नको, जागा दोनच आहेत."

सागरनं आईची पोत सोनाराकडे ठेवली आणि पैसे रोख मोजून दिले. पावती मागितली नाही. ललितही देणारच होता. पण त्याच्या घरात पैशाची गोष्ट आजोबांना, म्हणजे नानांना, विचारल्याशिवाय होत नसे.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबू, गाडी बांधावर आल्याबिगर आपन कधी घड कापला का? कापलेल्या घडाले वाट पाहता येत नाही. मंग व्यापारी म्हनंल त्या भावात द्यावा लागतो. तू इथलं काम सोडून, पैसे देऊन, बिनपरवान्याचा तिकडे उतरला, म्हंजे कापलेला घड झाला. तुले कोन भाव देईन?"

नाना एवढ्यावर थांबले नाहीत. गल्लीतल्या मंदाताई तेव्हा सुट्टीवर आल्या होत्या. मालदीवची राजधानी माले. तिथं भारताच्या मदतीनं उभं राहिलेलं आणि १९९५ साली सुरू झालेलं इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल आहे. ताई तिथं नर्स. नाना ललितला घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

मंदाताईंनी कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली आणि एक कागद ललितपुढे ठेवला. "हे बघ. माझं नाव, माझा पासपोर्ट नंबर, मालकाचं नाव, माझा हुद्दा. हा कागद हातात आला, तेव्हा मी घर सोडलं. तिथं परवाना काढणं हे मालकाचं काम. परदेशी माणसं ठेवायची परवानगी आधी त्यानं घ्यायची, मग आपल्या नावाची मंजुरी काढायची. आपण पोचल्यावर वैद्यकीय तपासणी होते आणि परवाना पक्का होतो. तो त्याच मालकाकडे, त्याच कामासाठी चालतो. पर्यटक म्हणून उतरलेल्याला तिथं काम करता येत नाही."

मग त्यांनी एजंटानं पाठवलेलं ललितचं नेमणूकपत्र हातात घेतलं. वर रंगीत ठसा होता, खाली सही होती. ताईंनी एकेका ओळीवर बोट फिरवलं. "इथं पासपोर्ट नंबर नाही. तुझं नाव खोडून दुसऱ्याचं घातलं तरी पत्र तसंच राहील. मालदीवमध्ये हजारावर बेटं आहेत, आणि एक रिसॉर्ट म्हणजे बहुतेक एक अख्खं बेट. या पत्रात बेटाचं नावच नाही. मग तू कामाला जाणार कुठं?"

निघताना त्यांनी चार प्रश्न लिहून दिले. तुमच्या एजन्सीचा सरकारी नोंदणी क्रमांक काय? माझ्या नावाची मंजुरी तिकिटाआधी येणार का? पगार, कामाचे तास आणि परतीचं तिकीट लिहिलेला करार कुठं आहे? पैशांची पावती मिळेल का? १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानं परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. सेवाशुल्क म्हणून त्याला कर सोडून ३०,००० रुपयांच्या वर घेता येत नाहीत, आणि नोंदलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. हे सगळं ललितला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळलं.

त्याच संध्याकाळी त्यानं फोन लावला. पहिल्या प्रश्नाला एजंट हसला, दुसऱ्याला चिडला. तिसरा विचारला तेव्हा म्हणाला, "विश्वास नसेल तर राहू दे, तुझ्या जागी दहा पोरं उभी आहेत." आणि फोन बंद झाला. ललितनं हे सागरला सांगितलं, पण सागरचे पैसे आधीच गेले होते. पैसे अडकले की माणसाला शंकाही परवडत नाही. तो गेला.

रिसॉर्ट नव्हतंच. मालेजवळच्या हुलुमालेत एका चालू बांधकामावर त्याला नेलं. मुकादमानं पासपोर्ट ठेवून घेतला. एका खोलीत आठ जण, सकाळपासून रात्रीपर्यंत भिंतींत पाइप आणि वायर ओढायची. पहिल्या महिन्याला थोडे पैसे हातावर ठेवले, पुढं तेही बंद. सागरनं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "जा, तक्रार कर. पर्यटक म्हणून आलास आणि काम करतोस. आधी तुलाच पकडतील." ते खरंच होतं, आणि म्हणूनच सागर गप्प बसला.

शेवटी एका रात्री त्यानं ललितला फोन केला. ललित धावत मंदाताईंकडे गेला. त्यांनी सागरला मालेतल्या भारतीय उच्चायुक्तालयात जायला सांगितलं. तिथल्या मदतीनं पासपोर्ट सुटला आणि सागर घरी आला. मजुरी बुडाली, कारण ती मागायला लिहिलेलं काहीच नव्हतं.

ललित त्या काळात भुसावळला जुन्याच पगारावर राबत होता. मुंबईच्या एका नोंदणीकृत एजन्सीकडे त्यानं अर्ज केला. काम मिळायला वेळ लागला. एकदा मंजुरी येता येता राहिली, घरचे कंटाळले, लोक बोलू लागले. तरी नावाची मंजुरी आणि सही झालेला करार हातात येईपर्यंत त्यानं इथलं काम सोडलं नाही. मग तोही मालदीवलाच गेला.

तिथं त्याचाही पगार अडला. मालकानं दोन महिने आज-उद्या केलं. ललितनं करार काढला, परवाना काढला आणि व्यवस्थापकापुढं ठेवून सरळ सांगितलं, "पगार मिळाला नाही तर मी लेबर रिलेशन्स अथॉरिटीकडे जाईन." मालदीवचा रोजगार कायदा २००८ चा आहे आणि परवान्यावर आलेल्या कामगाराला तिथं दाद मागता येते. व्यवस्थापकाला हे ठाऊक होतं. आठवड्याच्या आत पगार जमा झाला.

सुट्टीवर आल्यावर ललितनं हे ओट्यावर सांगितलं, तेव्हा सागरही बसला होता. तो म्हणाला, "माझ्यासारखाच तुझाही पगार अडला. तू बोललास, मला बोलता आलं नाही."

नाना म्हणाले, "१९३६ च्या डिसेंबरात आपल्या या गावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं. जवाहरलाल अध्यक्ष होते. शेतमजुराले जगन्यापुरती मजुरी मियाली पाहिजे, हे तेव्हा इथंच मंजूर झालं. पन मजुरी मांगनाऱ्याचं नाव कुठं तरी लिहेल पाहिजे ना, बाबू."

त्या दिवसापासून सागरनं आपली गोष्ट लपवली नाही. कोणी पोरगा परदेशाचं नाव काढतो आहे असं कळलं की तो स्वतः जाऊन बसतो. नेपाळला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारानं राहण्याची आणि व्यापाराची मोकळीक आहे, हे सांगतो. भूतानलाही व्हिसा लागत नाही. पण नोकरी करायची तर तिथल्या मालकानं कामाचा परवाना काढावा लागतो, हेही सांगतो. थायलंडात कॉम्प्युटरचं काम देतो म्हणून नेलेल्या आणि सीमेपलीकडं म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीला जुंपलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं, हे तो आवर्जून सांगतो. देश जवळचा असला तरी नियम प्रत्येकाचा वेगळा, आणि प्रवेश मिळाला म्हणजे कामाची मुभा मिळाली असं नव्हे, एवढं तो प्रत्येकाच्या मनावर ठसवतो. आईची पोत त्यानं गावातच वायरमनचं काम करून सोडवली.

तात्पर्य : परक्या मुलखात मालक चांगलाही भेटतो, वाईटही भेटतो, ते आपल्या हातात नसतं. पण आपल्या नावाचा परवाना आणि लिहिलेला करार जवळ असेल, तर अन्याय झाला त्या दिवशी तोंड उघडता येतं. हा हक्क घरून निघण्याआधीच मिळवावा लागतो, मागाहून तो कोणी देत नाही. आणि जी नोकरी चार सरळ प्रश्न विचारताच नाहीशी होते, तिच्यासाठी घरातला एक रुपयाही बाहेर काढू नये.