घड्याळ खरे कशावरून?

संगणक बंद केला, वायर काढून ठेवली, तरी मदरबोर्डवरचे एक घड्याळ चालूच असते. नाण्यासारखी चपटी सीआर२०३२ बॅटरी त्याला जागे ठेवते आणि क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो, म्हणून ती निवडलेली. हे हार्डवेअर घड्याळ. संगणक सुरू होताना लिनक्स ही कार्यप्रणाली त्याला वेळ विचारून घेते आणि पुढे स्वतःचे सिस्टिम घड्याळ चालवते. ते १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. दोन्ही घड्याळे एकाच पेटीत, तरी हळूहळू त्यांचे पटेनासे होते. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हटली तर क्षुल्लक, पण तेवढ्याने दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो.

मग खरे कोणाचे मानायचे?

एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते, यावर आपल्याकडे मीमांसा आणि न्याय या दर्शनांत शतकानुशतके वाद झडला. मीमांसकांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असते. ते खोटे ठरवायचे, तर एक तर त्याच्या कारणात दोष दिसला पाहिजे, नाहीतर त्याला बाधणारे दुसरे ज्ञान उभे राहिले पाहिजे. नैयायिकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, खरेपणाही बाहेरूनच पारखून घ्यावा लागतो.

सुरू होणारा संगणक मीमांसकाच्या बाजूने असतो. नेटवर्क अजून लागलेले नसते, फायलींवर तर वेळेचे शिक्के पडू लागलेले असतात. हार्डवेअर घड्याळ सांगेल ते मानण्यावाचून गत्यंतर नसते. बॅटरी संपलेली असेल, तर ते कित्येक वर्षे मागची तारीख बिनदिक्कत सांगते. मग नेटवर्क लागताच, वेळ दुरुस्त होण्याआधी, ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडायला जावे, तर तिच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही, असे संगणकाला वाटते आणि तो साइट उघडण्याआधी धोक्याचा इशारा देतो. बॅटरी हा कारणदोष, प्रमाणपत्र हे बाधक ज्ञान.

नेटवर्क लागले की नैयायिकाचे राज्य सुरू होते. डेव्हिड मिल्स यांनी घडवलेला, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला एनटीपी हा प्रोटोकॉल दूरच्या सर्व्हरना वेळ विचारतो आणि सिस्टिम घड्याळ दुरुस्त करतो. फरक थोडा असेल तर काटा एकदम मागे घेतला जात नाही. घड्याळाची गती किंचित कमी-जास्त केली जाते, म्हणजे सरलेला क्षण पुन्हा येत नाही आणि नोंदींचा क्रम बिघडत नाही. वेळ जुळली की लिनक्स ती दर ११ मिनिटांनी हार्डवेअर घड्याळात उतरवते. ज्याच्या शब्दावर दिवस सुरू झाला, तेच आता दुरुस्त होते.

पण तपासणाऱ्याला कोणी तपासायचे? नैयायिकांवर अनवस्थेचा, म्हणजे कधीच न संपणाऱ्या पडताळ्याचा, आक्षेप येतो तो इथेच. सातव्या शतकात मीमांसक कुमारिल भट्टांनी सांगितले की तीन-चार ज्ञानांपलीकडे पडताळा ताणायची गरज नसते. एनटीपी वापरणाऱ्यांना किमान चार सर्व्हर ठेवायला सांगतात. दोघांत मतभेद झाला तर चुकणारा कळत नाही, तिघांत एकटा पडलेला ओळखता येतो आणि चौथा असला की एखादा बंद पडला तरी तिघे उरतात. कुमारिलांची ज्ञाने एकामागून एक येतात, सर्व्हर एकाच वेळी साक्ष देतात. हा भेद खराच. तरी परीक्षा कुठे थांबवावी, ही विवंचना दोन्हीकडे एकच.

महाराष्ट्रात हा वाद पंचांगावरून झाला. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले आणि पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे त्यावरून निघाली. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आणि पुढे लोकमान्य टिळकांनी गणित आकाशाशी ताडून पाहण्याचा, म्हणजे दृक्प्रत्ययाचा, आग्रह धरला. विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. परंपरेने आलेले गणित बाधित होईपर्यंत प्रमाणच, ही भूमिका दर्शनशास्त्रात मुरलेली होती. मात्र ग्रह गणितातल्या जागी दिसत नाहीत, म्हणजे बाधक समोर उभाच होता. तो नाकारणे मीमांसेलाही धरून नव्हते.

पुन्हा संगणकाकडे वळू. एकाने दुसऱ्याला वेळ विचारायची सर्व्हरांची साखळी शेवटी अणुघड्याळांपाशी पोचते, पण तिथेही कुणी एक सम्राट बसलेला नाही. पॅरिसजवळच्या सेव्ह्र येथील आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालय जगभरच्या शेकडो अणुघड्याळांच्या नोंदी एकत्र करून जागतिक प्रमाणवेळ काढते. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही त्यात सहभागी आहे. कोणत्या प्रयोगशाळेची वेळ किती चुकली, हे मागाहून, महिन्याच्या पत्रकात कळते. म्हणजे अनवस्था संपते ती अंतिम प्रमाण सापडल्यामुळे नव्हे, तर सगळ्यांनी एकमेकांना तपासू दिल्यामुळे. नैयायिकाच्या शंकेला हेच सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते, आणि त्यात मीमांसकाचा विश्वासही शाबूत राहतो: प्रत्येक घड्याळाची साक्ष आधी ऐकून घेतली जाते आणि ज्याची चाल अंदाजाबाहेर जाते, त्याचा सरासरीतला भार पुढच्या हिशेबात कमी होतो.