कासवाची शिकवणी

गुवाहाटीस असताना मुलांच्या हट्टास्तव आम्ही एक कासव आणले होते. रुपयाहून थोडे मोठे पिल्लू. डोळ्यामागे तांबडा पट्टा. देशी कासवांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र. हे पडले अमेरिकेतील मिसिसिपीच्या खोऱ्यातले, म्हणून बाजारात राजरोस विकले जाई. ते वीतभर वाढेल व दोन-तीन दशके जगेल, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढे बदलीचा हुकूम आला. सामान बांधून झाल्यावर त्या जीवास आम्ही एका देवळाच्या तळ्यात सोडले व पुण्य पदरी पडल्याच्या समाधानात गाडीत बसलो.

नव्या गावी परवा एका प्राणिकेंद्रात त्याच जातीचे कासव पाहिले. कोणीतरी टाकून दिलेले. उन्हाअभावी कवच बेढब झालेले. केंद्राने त्यास वाचविले. आता शाळांच्या सहली येतात आणि त्याच्याकडे बोट दाखवून 'कासवे पाळू नका' असा धडा देण्यात येतो. त्यास नदीत सोडता येत नाही. ही जात देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याची जागा बळकावते. हे ऐकून आम्ही चपापलो. आसामातील हाजोच्या हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्यात काळी मऊ पाठीची कासवे भाविकांच्या श्रद्धेने तगून राहिली. २००२ साली ती जात रानातून नामशेष ठरविण्यात आली होती. अशा प्रांतातील तळ्यात आम्ही काय सोडून आलो होतो! ते पुण्य कोणत्या खाती जमा झाले, हे आमच्या हिशेब-तपासनीस मित्रांनी सांगावे.

ज्यास स्वातंत्र्य देता येत नाही, त्यास शिक्षक करून ठेवणे न्याय्य आहे काय? एकाच्या कैदेने अनेक वाचतात, हा युक्तिवाद खोटा नव्हे. परंतु अपराध माणसाचा, कैद कासवास, आणि धड्याचा लाभ पुन्हा माणसाच्याच मुलांस! एका पोराने काचेवर टिचकी मारताच त्याने मान आत ओढली. बरोबरच्या मास्तरांनी लगेच गीतेतील स्थितप्रज्ञाचा दृष्टांत सांगितला. आम्हांस ते वैराग्य दिसले नाही. ते निव्वळ भय होते.

आमच्या मते पहिला हक्क त्या जीवाचा : खोल पाणी, उन्हातला दगड आणि नजरेआड दडावयास जागा. ते दडून बसले, तर सहलीने रिकामे कुंड पाहून परतावे. तेथे तशी जागा नव्हती, म्हणून आम्ही व्यवस्थापकांस सुचविले.

"मग मुलांना दाखवावयाचे काय?" त्यांनी विचारले.

गुवाहाटीच्या तळ्याची गोष्ट तेवढी आम्ही त्यांस सांगितली नाही.